वेताळ टेकडी: कोणत्या वाटेने जावे, कोणत्या महिन्यात जावे

पुण्यात एक पैसा खर्च न करता सकाळ सार्थकी लावायची, तर वेताळ टेकडीसारखी दुसरी जागा नाही. तिकीट नाही, नोंदणी नाही आणि शहराच्या ऐन पोटात. तरीही "तिथे बघण्यासारखे आहे काय?" असे विचारणारे पुणेकर भरपूर भेटतात. टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या गेटपर्यंत गाडी न्यायची, खाणीच्या कडेपर्यंत चालायचे, मे महिन्यातले करपलेले गवत बघायचे आणि माघारी फिरायचे, एवढ्यावर त्यांचे मत बनलेले असते. वाट आणि महिना दोन्ही चुकल्यावर टेकडी तरी काय करणार?

आधी भूगोल. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर वसलेले आहे आणि वेताळबाबाच्या देवळाचा माथा सुमारे ८०० मीटरवर. शहरातली ही सर्वांत उंच जागा. म्हणजे पायथ्यापासून दोनशे मीटरहून जास्त चढ आहे. सिंहगडाच्या निम्म्यानेही नाही, पण सवय नसलेल्याला दम लागेल इतका नक्की. पूर्वेला लॉ कॉलेज रस्ता, ईशान्येला सेनापती बापट रस्ता आणि गोखलेनगर, वायव्येला पाषाण, दक्षिणेला कोथरूड आणि पौड रस्ता. या प्रत्येक बाजूने वर यायला वाट आहे आणि प्रत्येक वाटेचा स्वभाव वेगळा.

एआरएआयकडची वाट सर्वांत सोपी. पौड रस्त्याकडून डांबरी रस्ता थेट संस्थेच्या गेटपर्यंत चढतो, म्हणजे निम्म्याहून अधिक उंची गाडीच गाठून देते. गुडघेदुखी असलेल्यांना आणि लहान मुलांना हीच वाट योग्य. पण सर्वांत जास्त गर्दी, सर्वांत जास्त कचरा आणि सर्वांत कमी झाडोरा याच बाजूला आहे. रविवारी सातच्या पुढे गाडी लावायला जागा मिळत नाही. लोक मग वळणावरच गाड्या उभ्या करतात आणि वर येणाऱ्याला समोरून उतरणारे वाहन दिसत नाही. रविवारी याच बाजूने जायचे असेल तर सहाच्या आत पोहोचा किंवा सरळ खालून चालत या.

आमची पसंती लॉ कॉलेज रस्त्याकडच्या कांचन गल्लीच्या वाटेला. नळ स्टॉप मेट्रो स्थानकावर उतरून लॉ कॉलेज रस्त्याने पंधरा-वीस मिनिटे चालले की गल्लीचे तोंड येते, त्यामुळे गाडीची कटकटच नाही. घरे संपली की चढ लगेच अंगावर येतो. पहिली वीसेक मिनिटे दमवणारी आहेत, नंतर पठार लागते आणि देवळापर्यंतची उरलेली चाल सपाटीवरून होते. बहुतेक जण पहिल्या चढाला घाबरून परत फिरतात. वीस मिनिटे काढली की सुटका आहे, हे आधी माहीत असले तर पाय आपोआप रेटतात. शेजारीच लॉ कॉलेजच्या आवाराला लागून असलेला टेकडीचा भाग कॉलेजच्या संस्थेच्या मालकीचा आहे. तिथले फाटक बंद असेल तर कुंपण ओलांडू नका, कांचन गल्लीने या.

या वाटेवर खरी परीक्षा उतरताना होते. खाली टणक काळा कातळ आणि त्यावर सुट्या मुरमाचा पातळ थर, हा घसाऱ्याचा प्रकार. खडे छर्ऱ्यासारखे तळव्याखाली फिरतात आणि पाय पुढे निसटतो. चढताना वजन पुढे असते म्हणून हे जाणवत नाही. उतरताना घाबरलेला माणूस मागे रेलतो, वजन टाचेवर मागच्या बाजूला जाते आणि नेमका त्यामुळेच पडतो. गुडघे किंचित वाकवावेत, पावले आखूड टाकावीत, तीव्र उतारावर पाऊल आडवे ठेवावे आणि मुरमाऐवजी उघड्या कातळावर किंवा गवताच्या बुंध्यावर पाय द्यावा. तळवा गुळगुळीत झालेले जुने धावायचे बूट इथे चालत नाहीत, खोल खाचांचा तळवा हवा. पावसाळ्यात हिशेब उलटा होतो. तेव्हा मुरूम दबून बसतो आणि कातळावर शेवाळ धरते, म्हणून जुलै ते सप्टेंबर कातळ टाळून मुरमावरून चालायचे.

पाषाणच्या पंचवटीकडची वाट उभी आहे आणि तिथे वर्दळ बेताची असते. तिचा मोठा फायदा उन्हाळ्यात कळतो. ती बाजू वायव्येला असल्यामुळे सकाळी बराच वेळ सावलीत राहते, तर लॉ कॉलेजकडच्या उतारावर सूर्य उगवल्या उगवल्या ऊन पडते. मार्च ते मे या काळात सकाळी जायचे असेल तर पाषाणकडून चढा, संध्याकाळी जायचे असेल तर लॉ कॉलेजकडून. एवढ्या बदलाने चढण निम्मी सोपी होते. गोखलेनगरकडून येणाऱ्या वाटेने वस्तीतून थेट टेकडीवर येता येते आणि नेहमी चालायला येणारी मंडळी ती जास्त वापरतात. नवख्याने तिथे एखाद्या रोजच्या फिरणाऱ्याच्या मागोमाग जावे, कारण वाटांना फाटे बरेच आहेत आणि दिशा दाखवणारे फलक अगदीच मोजके.

आता टेकडीवर बघायचे काय. इथे एक गोष्ट मुळात समजून घेतली पाहिजे. ही दख्खनच्या कोरड्या बाजूची टेकडी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ, त्यावर वीतभर माती आणि वर्षातले सात-आठ महिने पाऊस नाही. अशा जागी वाढणारे रान पानगळीचे असते, विरळ असते आणि त्यात गवताचा वाटा मोठा असतो. त्यामुळे हिरवेपणावरून या टेकडीची पारख करू नये. उलट जिथे दाट, एकसुरी हिरवळ दिसते तिथे बहुतेक वेळा गिरिपुष्प असते.

गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया किंवा उंदीरमारी, हे मूळचे मध्य अमेरिकेतले झाड. झटपट वाढते, गुरे-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगते, म्हणून उजाड टेकड्या लवकर झाकण्यासाठी वनखात्याने ते मोठ्या प्रमाणात लावले. फेब्रुवारीच्या आसपास पाने झडून फिक्या गुलाबी फुलांनी झाड भरते, तेव्हा दिसायला छान दिसते. पण त्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही, इथल्या मूळ झाडांची रोपे वर येत नाहीत आणि त्यांच्यावर जगणारे किडे-पाखरेही मग तिकडे फिरकत नाहीत. गिरिपुष्पाच्या राईत दहा मिनिटे शांत उभे राहा आणि मग मोकळ्या गवताळ उतारावर तेवढाच वेळ उभे राहा. किती आवाज ऐकू येतात यातला फरक कानालाच कळेल.

मूळ झाडे बघायची असतील तर लॉ कॉलेजकडचे उतार धरा. सालई, धावडा, मोई, खैर, हिवर, मेडशिंगी ही इथली खरी माणसे. त्यांत सर्वांत आधी ओळखू येतो पांढरुख, ज्याला कांडोळ असेही म्हणतात. पाने झडल्यावर त्याचे पांढरेफटक खोड कातळातून वर आलेले लांबूनच दिसते. जवळ गेलात तर सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले दिसतील आणि हात लावला तर साल गार आणि गुळगुळीत लागेल. खोडाला हात लावा, फळांना लावू नका. लाल, मखमली दिसणाऱ्या त्या फळांवर बारीक टोचरी लव असते आणि ती बोटांत रुतली की दिवसभर चुरचुरते. मुले बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवावे.

महिन्यांचे म्हणाल तर पहिली पसंती फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. बहुतेक लोक पावसाळ्याचे नाव घेतील, पण निष्पर्ण फांद्यांवर गणेरीची पिवळीधमक, हाताच्या पंजाएवढी फुले उमलतात ती याच दिवसांत. पळस आणि पांगारा याच सुमारास फुलतो. पांगाऱ्याखाली सकाळी अर्धा तास थांबले तर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर एकामागून एक मधासाठी येतात. दुर्बीण नसली तरी चालते, कारण फांदीवर पानच नसते.

दुसरी पसंती जूनच्या पहिल्या पंधरवड्याला, फक्त एका पाहुण्यासाठी. नवरंग हा पक्षी पावसाच्या तोंडावर इथे येतो. झुडपांच्या खाली जमिनीवर पाचोळा उलथत फिरत असल्यामुळे दिसणे कठीण, पण पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ स्पष्ट ऐकू येते. शीळ आली की तिकडे चालत जाऊ नका. आहे तिथेच खाली बसा, दहा मिनिटे हालचाल करू नका. मोबाइलवर त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण लावून त्याला बोलावण्याची पद्धत हल्ली बोकाळली आहे. हे विणीचे दिवस असतात आणि त्या आवाजाने तो घरट्याचे काम सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावत बसतो. कृपा करून हे करू नका.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमिनीलगत बघत चालायचे. कळलावीची लाल-पिवळी फुले कुंपणाच्या कडेने झुडपांवर चढलेली असतात. तेरडा, कवला आणि हबे-आमरीसारख्या जमिनीवर वाढणाऱ्या आमरी, म्हणजे ऑर्किड, गवतातून डोके काढतात. यातली कळलावी आणि आमरी कंदावर जगतात. उपटून घरी कुंडीत लावले तर जगेलच असे नाही आणि टेकडीवरून मात्र एक रोप कायमचे जाते. कळलावीचा कंद तर अत्यंत विषारी आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले सोनेरी गवत फोटोत फार सुंदर येते, पण त्याची किंमत पायमोजे मोजतात. कुसळी गवताच्या दाण्याला खाली सुईसारखे अणकुचीदार टोक असते, त्यावर मागे वळलेले केस आणि वर पीळ पडलेली लांब शेपटी. दव पडले की पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा भरतो आणि या फिरण्याने दाणा मळसूत्रासारखा जमिनीत शिरतो. बियाण्याची ही पेरणी अजब हुशारीची आहे. पायमोज्यातही तो अगदी त्याच रीतीने शिरतो, म्हणून चालता चालता टोचणी वाढत जाते. लोकरी किंवा जाडसर सुती मोजे, ट्रॅकपँटचे मऊ कापड हे सगळे या दिवसांत वर्ज्य. गुळगुळीत, घट्ट विणीच्या कापडाची लांब पँट बुटावर ओढून घ्यावी. कुसळ काढताना शेपटी धरून ओढली तर ती तुटते आणि टोक आतच राहते. कापड आतून उलटे करावे आणि टोकाच्या बाजूने पुढे ढकलून काढावे. याच सुमारास खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. तिची तपकिरी लव अंगाला लागली तर खाजवायचे नाही, कपड्याने पुसायचेही नाही. चिकटपट्टी लावून सरळ वर उचलायची, दोन-चार वेळा, आणि मग पाण्याने धुवायचे.

डिसेंबर-जानेवारी चालण्यासाठी उत्तम. थंडीत आलेला थिरथिरा शेपटी थरथरवत दगडांवर बसलेला हमखास दिसतो. या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो हे ध्यानात ठेवून निघावे, अंधारात विनाकारण चढू नये. सकाळी धुके आणि शहराचा धूर यांमुळे लांबचे दिसत नाही. सिंहगड आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा स्वच्छ बघायचा असेल तर पावसाची मोठी सर येऊन गेल्यानंतरची संध्याकाळ गाठावी.

खाणीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. जुन्या दगडखाणीत पावसाचे पाणी साठते, भोवती उभे कातळ, त्यामुळे फोटोसाठी सगळे तिथेच जमतात. जागा देखणी आहे. पण खाणीची कड म्हणजे डोंगराची कड नव्हे. सुरुंग लावून फोडलेल्या कातळात आतपर्यंत भेगा पडलेल्या असतात, वरून भक्कम वाटणारा दगड वजन पडताच सुटतो. कडेपासून किमान दोन माणसांच्या उंचीएवढे अंतर ठेवा, मुलांचा हात सोडू नका. पाण्यात उतरू तर अजिबात नका. खाणीचा तळ पायरीपायरीने खोल जातो. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडू शकते, खाली गाळ असतो आणि बाहेर यायला कडा उभ्या असतात. चांगला पोहणारासुद्धा यात सापडतो.

सोयींच्या बाबतीत टेकडीला गुण फारसे देता येत नाहीत. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नये, माणशी एक लिटर घरून न्यावे, उन्हाळ्यात दीड. स्वच्छतागृहाची सोय नाही असे समजूनच निघावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि बायकांसाठी ही मोठी अडचण आहे आणि एवढ्या वापरातल्या जागेवर ती अजून सुटू नये हे वाईट वाटण्यासारखे आहे. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. एरवी वाटेला जात नाहीत, पण पळत जाणाऱ्याच्या आणि पाळीव कुत्रा घेऊन येणाऱ्याच्या मागे लागतात. थांबावे, पाठ दाखवू नये, नजर खाली ठेवून हळूहळू बाजूला व्हावे. त्यांना बिस्किटे घालणाऱ्यांमुळे ती माणसांच्या पिशव्यांवर झडप घालायला शिकली आहेत. शिवाय हीच कुत्री जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी आणि मोरांची पिल्ले फस्त करतात.

घोणस, फुरसे, नाग हे साप अशा रानात असायचेच. पावलाखाली दिसत नसेल अशा गवतात पाय घालू नये, दगड उलटवू नये, अंधारात विजेरीशिवाय चालू नये, एवढे पाळले तर गाठ पडण्याची शक्यता कमी. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ वर फोन करा आणि शक्यतो माणसाला उचलून खाली आणा. अंधार पडल्यावर टेकडीवर लुटमारीचे प्रकार घडलेले आहेत, तेव्हा सूर्यास्त बघून रेंगाळू नये, दागिने घालून येऊ नये आणि एकट्याने आडवाटेला जाऊ नये. पोलिसांसाठी ११२. प्रवेशाच्या वेळा वनखात्याच्या गेटवरील फलकावर लिहिलेल्या असतात, त्या वाचून पाळाव्यात.

मार्चपासून वणव्याचा धोका. वाळलेले गवत एका विडीच्या थोटकाने पेटते आणि उतारावर ज्वाला माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने वर चढते. म्हणून वणवा दिसला तर वरच्या दिशेने कधीही पळू नये. आडवे जावे आणि जाळरेषेवर, म्हणजे गवत आधीच काढून ठेवलेल्या मोकळ्या पट्ट्यावर, किंवा उघड्या कातळावर यावे. वाटेत आडवे दिसणारे लांबच लांब चर हे सलग समतल चर आहेत. पावसाचे पाणी अडवून मुरवण्यासाठी ते एकाच उंचीवर खणलेले असतात. त्यांच्या काठावरून चालून काठ ढासळवू नये.

मुरलेले हे पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत पायथ्याच्या विहिरी आणि बोअरपर्यंत पोहोचते. टेकडीखालून बोगदे आणि टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता असे प्रस्ताव आले, तेव्हा विरोधातला एक मोठा मुद्दा हाच होता. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. गाडीच्या दहा मिनिटांसाठी अशी टेकडी पोखरणे आम्हाला कदापि पटत नाही. परीक्षणात हे कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्या जागेची शिफारस करतो ती उद्या तशीच राहणार आहे की नाही, हेही वाचणाऱ्याला कळायला हवे.

शहरातल्या बाकीच्या टेकड्यांविषयी थोडक्यात. फर्ग्युसन कॉलेजमागची हनुमान टेकडी लहान आहे, चढ लवकर संपतो आणि पहिल्यांदाच चालायला सुरुवात करणाऱ्याने तिथून करावी. संध्याकाळी मात्र गर्दी फार. सहकारनगरकडून जाता येते ती तळजाई पसरट आहे, रस्ते रुंद आणि जवळजवळ सपाट. आजी-आजोबांना आणि चार-पाच वर्षांच्या मुलांना तिच्यासारखी जागा नाही. मोरही सकाळी सहज दिसतात. गिरिपुष्पाचा भरणा मोठा असल्यामुळे झाडांची विविधता कमी, एवढेच. बाणेरची तुकाई टेकडी चढायला छोटी आहे आणि नागरिकांनी वर्षानुवर्षे पाणी घालून जगवलेली झाडे बघायची असतील तर आवर्जून जावी. पाषाण तलावाचे नाव मात्र आम्ही सध्या सुचवणार नाही. जलपर्णी पाण्यावर पसरली की पाणपक्ष्यांना उतरायला उघडे पाणीच उरत नाही. जलपर्णी काढल्याची बातमी आली तरच, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी नऊच्या आत जाऊन यावे.